एक ओघळ

१९९९ सालची गोष्ट. त्या ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडातल्या अँट्रिमच्या रस्त्यांवर मोटरसायकल शर्यतीची तयारी चालू होती, खांबांना गवताच्या गासड्या बांधून झाल्या होत्या आणि हेझलच्या घरामागच्या शेडमध्ये तिचा धाकटा भाऊ नोएल पुढच्या चाकाचं मडगार्ड घेऊन उभा होता.

सकाळच्या सरावात तो घसरला होता. स्वतः खरचटण्यावर सुटला. मडगार्ड कार्बन फायबरचं, काळ्या विणीवर काचेसारखं लॅकर. बोल्टच्या भोकापाशी त्या लॅकरला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा गेल्या होत्या.

हेझल हे काम वडिलांच्या हाताखाली शिकली होती. आसपासच्या चार गावांतले शर्यतवाले आपले ओरखडलेले पत्रे तिच्याकडेच आणत. ती वॉटर पेपर भिजवून हलक्या हाताने घासायला लागली. निघणारं पाणी दुधासारखं असेल तर नुसतं लॅकर झिजतंय. काळं झालं, की विणीला हात लागला. पाणी शेवटपर्यंत पांढरं निघालं.

"बघ, म्हटलं नव्हतं? वरवरचंच आहे," नोएल म्हणाला आणि तिच्याच बशीतला सोडा ब्रेडचा तुकडा उचलून त्याने तोंडात टाकला.

हेझलने हात पुसले. खिडकीत वडिलांचं जुनं तांब्याचं नाणं पडलेलं असे. ते घेऊन ती एका टोकापासून मडगार्ड वाजवत आली. आवाज खणखणीत येत होता. डाव्या बोल्टपाशी मात्र तो तडकलेल्या मडक्यासारखा बद्द झाला. तिने पुन्हा वाजवलं. वरून वीण साबूत होती, पण आतले थर एकमेकांपासून सुटले होते. भर वेगात तिथून तुकडा निघाला आणि चाकात गेला, तर काय होतं ते दोघांनाही सांगावं लागत नव्हतं. त्यांचे वडील त्याच रस्त्यावर गेले होते.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

त्याने ऐकलं होतं. पण गाडी आयव्हन पर्डीची होती. ट्रकांचा धंदा करणारा माणूस, शब्दाचा कडक. उद्या नोएल उतरला नाही तर गाडी दुसऱ्याला देईन, हे त्याने चारचौघांत सांगून ठेवलं होतं. तसलं दुसरं मडगार्ड यायला आठवडा लागला असता. नोएलने हे सगळं सांगितलं, मग आवाज खाली आणला.

"सेसिलकाका तुझं काम वाजवून बघत नाहीत, हेझल. तुझी चकाकी दिसली की ते पुढे जातात. तू फक्त लॅकर मार."

हे खरं होतं. शर्यतीआधी गाड्या तपासणारे सेसिल मॅककीन वडिलांचे दोस्त, आणि हेझलच्या हाताला सगळे मानत. तिचं लॅकर म्हणजे शिक्काच.

तिने नाही म्हटलं. मग तो म्हणाला, मी बाजारातला डबा आणून स्वतः मारीन, आणि पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. सेसिलकाकांना जाऊन सांगावं, तर तेही होण्यासारखं नव्हतं. शेडमध्ये ऐकलेलं शेडमध्येच ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. ती मोडली असती तर कुणी तिच्याकडे खिळासुद्धा आणला नसता.

"ठेव तिथे," ती शेवटी म्हणाली. "संध्याकाळी घेऊन जा."

तो गेल्यावर तिने मास्क चढवला. लॅकरचा पहिला हात मारला, वाळू दिला. दुसरा हात मारताना बोल्टपाशी येऊन स्प्रे गन क्षणभर थांबवायची होती, तेवढंच. पण हात थांबेना. इतकी वर्षं न थांबायला शिकवलेला हात, तो आपला सरळ पुढे गेला. तिला परत यावं लागलं. दातओठ खाऊन तिने गन जागच्या जागी धरली. लॅकर जाड झालं, लोंबलं आणि बोल्टच्या खाली एक ओघळ उतरला, गालावरच्या आसवासारखा.

संध्याकाळी नोएलने मडगार्ड उजेडात फिरवून पाहिलं, तिला मिठी मारली. त्याला ओघळ दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या तंबूत हेझल मागे उभी होती. सेसिलकाकांचा पंजा मडगार्डवरून सवयीने सरकला आणि अंगठा एका जागी अडला. त्यांनी वाकून पाहिलं. हेझलकडे पाहिलं नाही. खिशातून नाणं काढलं आणि वाजवलं. तो बद्द आवाज तंबूतल्या सगळ्यांनी ऐकला.

"ही गाडी आज जात नाही," ते म्हणाले.

नोएल खाली बसून त्या जागेकडे बघत राहिला. मग उठून तो तिच्यापाशी आला.

"तुझ्या हातून ओघळ?"

"गन अडकली," ती म्हणाली.

"तुझी गन कधी अडकत नाही."

तेवढं बोलून तो निघून गेला.

आयव्हन पर्डीने गाडी दुसऱ्या पोराला दिली. त्याने पुढल्या वर्षी तीच शर्यत जिंकली आणि पर्डीने त्याचा फोटो ऑफिसात लावला. तो फोटो पर्डी गेल्यावरच उतरला. नोएलला परत कुणी गाडी दिली नाही. तो दुधाचा टँकर चालवू लागला, बायको केली, दोन मुली झाल्या, आता आजोबा आहे. नाताळात हेझलकडे जेवायला येतो, हसतो, भांडी घासू लागतो. पण त्याच्या मोटारीला ओरखडा आला तर तो ती बालिमिनाच्या गॅरेजात नेतो.

सेसिलकाकांनी त्या दिवसाबद्दल हेझलला कधी विचारलं नाही. मात्र त्यानंतर जितकी वर्षं ते तंबूत उभे राहिले, तितकी वर्षं हेझलचा प्रत्येक पत्रा त्यांनी नाण्याने वाजवून घेतला. एकही सोडला नाही. ती समोर उभी राहून ऐके.

हेझलचे हात आता थरथरतात, काम बंद आहे. तंबूतून तिने उचलून आणलेलं ते मडगार्ड अजून शेडमधल्या खिळ्याला लटकलेलं आहे, लॅकर पिवळं पडलंय. दोन्ही अंगठ्यांनी बोल्टपाशी दाबलं तर ते तुटतं की नाही, एवढं कळायला क्षण पुरेल. तिने ते अजून दाबून पाहिलेलं नाही.