‘नवीन फोल्डर’मध्ये कोंडलेला आवाज

टिण्. टिण्.

काचेच्या पेल्यावर चमचा वाजला आणि घरातली शांतता मोडली. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दादा नुकताच चपला घालून गेला होता. टेबलावर लॅपटॉप उघडाच होता. आई त्याच्याकडे बघत बसली होती आणि सहा वर्षांची ढब्बू आईकडे.

मित्रांनो, या घरात चमचा म्हणजे आजोबांची हाक. एक टिण् म्हणजे ‘पाणी’. दोन म्हणजे ‘इकडे ये’. लागोपाठ पाच-सहा म्हणजे ‘अरे, कुणी ऐकतंय का!’

मी एक जुना फोल्डर आहे, पण माझं नाव मात्र ‘नवीन फोल्डर’. आईने मला बनवलं तेव्हा दोन महिन्यांची ढब्बू तिच्या खांद्यावर रडत होती. एकच हात मोकळा. नाव नंतर देऊ, असं ती म्हणाली आणि ते राहूनच गेलं.

तेव्हा आजोबांच्या घशात गाठ निघाली होती. गाठ काढू, माणूस वाचेल, पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हाताशी नऊ दिवस होते. आजोबांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. त्यांचं बोलणं मोठं आणि गिऱ्हाइकाशी वाद घालणं त्याहून मोठं. हा आवाज साठवून ठेवायचा, असं आईने ठरवलं. लॅपटॉपवर आजोबांचं वेगळं खातं उघडलं. रेकॉर्डिंगचं बटण मात्र मीच दाबणार, असा आजोबांचा हट्ट.

“बाबा, नुसतं बोला ना.”

“नुसतं काय बोलू? भिंतीशी बोलणारा वेडा आहे का मी?”

“ढब्बूशी बोला.”

मग ते बोलले, रोज थोडं थोडं. ‘ढब्बूला हाक’, ‘एक ते वीस’, ‘रुसलेल्या कुलपाची गोष्ट’, ‘शिंक’. शिंक चुकून आली होती. तिच्यामागे आईचं हसू ऐकू येतं. मित्रांनो, माझ्याइतका श्रीमंत फोल्डर त्या लॅपटॉपवर दुसरा नव्हता.

नवव्या दिवशी आजोबांना माझ्या सेटिंगमध्ये एक चौकोन दिसला, ‘आतल्या फाइली कुलूपबंद करा’. कुलूप दिसल्यावर ते कसले थांबतात! खूण केली. माझ्या फाइलींना इवलीशी कुलपं लागली. लगेच दुसरी सूचना आली, ‘किल्लीची प्रत आत्ताच काढून ठेवा’. आजोबा दुकानात कुणालाही एकच किल्ली देत नसत. “दुसरी शेजारी ठेवा, नाहीतर माझ्या नावाने ओरडाल,” असं बजावायचे. पण त्या वेळी दारात दवाखान्यात न्यायची गाडी हॉर्न वाजवत होती. आजोबांनी ‘नंतर’वर बोट ठेवलं.

ऑपरेशन झालं. आजोबा घरी आले ते वही, पेन आणि चमचा घेऊन.

पहिली काही वर्षं ढब्बू झोपली की आई माझ्याकडे यायची. पासवर्ड आजोबा स्वतःच टाकून द्यायचे. आवाज अगदी बारीक करून, लॅपटॉपला कान लावून ती ऐकायची. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे तेवढंच. मग नोकरी आली, शाळा आली आणि माझ्याकडे येणं थांबलं. मी रागावलो नाही. ढब्बू वाचायला लागली की तिला ऐकवायचं, असं आईने कबूल केलं होतं. स्वतःच्या नावाची फाइल तिने स्वतः वाचून उघडायची. मी त्या दिवसाची वाट बघत होतो.

गेल्या आठवड्यात लॅपटॉपवर मोठा अपडेट आला. तासभर ते गोल गोल चक्र फिरत होतं. मग पडद्यावर आजोबांच्या खात्याबद्दल प्रश्न उमटला, ‘हे खातं दोन वर्षं वापरलेलं नाही. काढून टाकायचं? फाइली जपून ठेवल्या जातील.’ आईच्या एका हातात ढब्बूची अर्धी वेणी होती. स्वयंपाकघरात दूध वर येत होतं. तिने ‘जपून ठेवल्या जातील’ एवढं वाचलं आणि ‘हो’ म्हटलं.

आज सकाळी ढब्बू तिच्या मांडीवर बसली. बोट ठेवून वाचू लागली, “ढब्... बू... ला... हाक! आई, ही माझी आहे!” आणि तिने क्लिक केलं.

‘परवानगी नाही.’

आईने माझी सेटिंग उघडली. ‘फक्त वाचण्यासाठी’वर आपोआप खूण झालेली. तिने काढली, पुन्हा उघडलं तर खूण जागेवर हजर. मालकाच्या जागी लांबलचक आकडा आणि पुढे ‘अनोळखी खातं’. ज्या माणसाने मला भरलं तो पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होता आणि माझ्या अंगावर तो अनोळखी! खटपट करून आईने मालक म्हणून स्वतःचं नाव लावलं. मला बरं वाटलं. पण कुलपं हलली नाहीत.

“ताई, फाइली सगळ्या आहेत,” दुरुस्तीवाला दादा म्हणाला. “पण किल्ली त्या खात्यात होती. खात्याबरोबर गेली.”

“तोडून नाही उघडता येत?”

“तुमचे बाबा कुलूपवाले ना? त्यांना विचारा. म्हणतील, असलं कुलूप माझ्या दुकानात का नव्हतं!”

तो एकटाच हसला. मग ओशाळून म्हणाला, “खरंच सांगतो ताई, आशा ठेवू नका.”

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा बिननावाचा फोल्डर असेल. त्याला आजच नाव द्या. आतल्या ऐवजाची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि मुख्य म्हणजे, अधूनमधून ऐका. माझ्याकडे आवाज सुखरूप आहे, यावर सगळे निर्धास्त राहिले आणि तिथेच घात झाला.

चमचा वाजला तो आता, या सगळ्यानंतर. आई आणि ढब्बू आजोबांच्या खोलीत गेल्या. आजोबांनी वही पुढे केली. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘चूक माझी. दुसरी किल्ली मी केली नाही.’

“नाही हो बाबा, मीच ‘हो’ म्हटलं,” आई म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरला.

ढब्बूने वहीतली अक्षरं लावून लावून वाचली. ऑपरेशनपासून आजोबांच्या गळ्यावर कायम असलेल्या पट्टीकडे पाहिलं. मग आईचा पदर ओढून म्हणाली, “जाऊ दे ना आई. तू तर ऐकलाय ना? मग तूच बोलून दाखव. आजोबांचा आवाज कसा होता?”