पुसायची नसलेली काच

मी बाटलीच्या झाकणाएवढी एक काच बोलतेय. माझ्या अंगावर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा आहेत. खरं तर होत्या. मला दुर्बिणीत बसवलं की ग्रहाचा उजेड पसरून त्याची सप्तरंगी फीत व्हायची. त्या फितीतल्या काळ्या पट्ट्यांवरून तिथल्या हवेत काय आहे ते कळायचं.

माझे मालक चष्मेवाले. दुकान लेकीच्या हाती सोपवून ते अंगणात दुर्बीण मांडून बसत. युरेनसच्या फितीत लाल रंगापाशी मिथेन वायूचा काळा पट्टा पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

मग काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेली टिकेल. मालक हट्टी. त्यांनी लेकीला बजावलं, "तो पट्टा दिसतोय तोवर थेंब घालीन. तो गेला की बास."

एका संध्याकाळी फीत अंधुक झाली. विरळसा ढग आडवा आला होता, एवढंच. पण मालक पडले हाडाचे चष्मेवाले. मला काढलं, तोंडाची वाफ सोडली आणि सदऱ्याच्या टोकानं खसाखसा पुसलं, गिऱ्हाइकाला चष्मा देताना पुसायचे तसं. माझ्या रेघांना बोटसुद्धा लागलेलं चालत नाही. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, पण काचेचं कोण ऐकतं?

ढग सरला. मालकांनी डोळा लावला. पट्टा नाही, फीत नाही, नुसता धुरकट डाग. त्यांनी लेकीला हाक मारली. तिला त्या फितीतलं कधीच काही उमगलं नव्हतं. बापाचं मन मोडायला नको म्हणून ती दरवेळी हो ला हो करायची. आताही तिनं डोळा लावला न लावला आणि म्हणाली, "दिसतोय की, बाबा. चांगला काळाकुट्ट आहे."

"म्हणजे माझेच डोळे गेले," ते म्हणाले आणि पायरीवर बसून राहिले.

तेव्हापासून मी खणात आहे. शेजारी थेंबांची नवी बाटली आहे, न फोडलेली. लेक रोज विनवण्या करते, रडते. मालक तोंड फिरवतात.

अगं पोरी, रडू नकोस, खरं बोल. "मलाही काही दिसलं नव्हतं," एवढंच सांग त्यांना. आंधळी मी झालेय गं, ते नाहीत. त्यांची उरलीसुरली नजर रोज थोडी थोडी चाललीय, आणि इथे माझ्या उशाशी बाटली भरलेलीच आहे.