सुंदर समतोल

आमच्या घरात मुलीचा बायोडाटा मामानं करायचा असतो. निकिता माझ्या थोरल्या बहिणीची, कोकिळाआक्काची मुलगी. पोखर्णीहून रोज परभणीला जाऊन एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिनं एकच अट घातली होती.

"मामा, बाकी काय बी लिवा, पण एक ओळ मी सांगते तशीच टाका. 'लग्नानंतर नोकरी सोडणार नाही.' न्हाई तर मी कुणासमोर बसणार न्हाई."

"टाकतो की," म्हणालो. एवढंसं तर काम.

लॅपटॉप उघडला, तर कोपऱ्यात लिहायला मदत करणाऱ्या एआयचा एक रंगीत गोळा लुकलुकत बसलेला. मागच्या अपडेटबरोबर तो न बोलावता आला होता आणि आल्यापासून घरच्यांपेक्षा जास्त बोलत होता. 'श्री गणेशाय नमः' लिहिलं की विचारणार, पुढचं लिहू का? नको म्हटलं तरी पुसट अक्षरांत लिहून मोकळा. नातेसंबंधांपर्यंत आलो, 'मामेकुळ' लिहून माझं नाव टाकलं, तर हा म्हणतो, 'हा भाग अनावश्यक वाटतो, काढून टाकू का?'

माझं डोकंच सटकलं. माझ्याच लॅपटॉपात राहतो आणि मलाच सोयरिकीतून बाहेर काढतो! तिथंच ठरवलं, आधी याला हाकलायचं, मग बायोडाटा.

पण हाकलायचं कसं? गोळा कोपऱ्यातून काढून टाकला, तर गोळा गेला आणि पुसट अक्षरं राहिली. सेटिंगमध्ये शिरून एक खटका बंद केला, तो नुसता आवाजाचा निघाला. शेवटी लाज सोडून त्यालाच विचारलं, बाबा, तू बंद कसा होतोस? त्यानं 'उत्तम प्रश्न' म्हणून माझे आभार मानले आणि जो मेनू उघडायला सांगितला तो माझ्या लॅपटॉपात नव्हताच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात म्हणे, मी तर चोरालाच पहारा कसा ठेवू ते विचारत होतो.

फिरता फिरता एका ठिकाणी 'साहाय्य बंद' दिसलं. दाबलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. सगळं गप्प. मग निकिताची ओळ जशीच्या तशी टाकली. तेवढ्यात मध्यस्थाचा फोन आला, "व्यंकटराव, पाठवा पटकन, पाव्हणे वाट बघायलेत." लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. पडद्यावर कसलीशी चौकट आली. घाईत 'ठीक आहे' दाबलं आणि न वाचताच पाठवून दिलं.

रविवारी येलदरीकडचे पाहुणे आले. मुलगा शिवप्रसाद आणि त्याचे वडील आबासाहेब. चहापाणी झाल्यावर आबासाहेबांनी दोन्ही बायोडाटे शेजारी शेजारी ठेवले आणि मोठ्यानं वाचले.

"हे तुमच्या पोरीचं. 'करिअर आणि कुटुंब यांचा सुंदर समतोल साधण्यास उत्सुक.' अन् हे आमच्या पोराचं. 'करिअर आणि कुटुंब यांचा सुंदर समतोल साधण्यास उत्सुक.' आता बोला! शब्दाला शब्द. पत्रिका कशाला बघायची, गुण जुळले!"

आक्का हरखली. निकितानं मात्र माझ्याकडं पाहिलं. मला काही सुधरेना. मी तर त्याला बंद केला होता! मग ती चौकट आठवली आणि 'मजकूर सुधारू का?' याला मी 'ठीक आहे' म्हणालो होतो ते कळलं. पोरीनं माझ्यावर एक ओळ सोपवली होती, तेवढीही मला सांभाळता आली नाही. फार वाईट वाटलं.

"मामा, ही ओळ कुणाची?" तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

"माझी न्हाई गं."

"माझी बी न्हाई," शिवप्रसाद एकदम म्हणाला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. "मी 'शेती सोडणार नाही' एवढंच लिवलं होतं. ते कोपऱ्यातलं कितींदा बंद केलं, पुन्हा येतंय. तुमाला जमलं का, मामा?"

"न्हाई बा."

"माझी ओळ 'नोकरी सोडणार नाही' अशी होती," निकिता म्हणाली आणि उठून उभी राहिली.

आबासाहेब दोन्ही कागद उलटेपालटे करून बघायला लागले. आक्का मला डोळ्यांनीच खाऊ की गिळू करत होती. एकाला शेत सोडायचं नाही, एकीला लॅब. आता हे गुण जुळले म्हणायचे की फिसकटले, ते मलाही सांगता येईना. आबासाहेबांनी तर मलाच विचारलं, "मग आता खरं काय समजायचं?"

निकिता दारापर्यंत गेली आणि वळली.

"तुमचं शेत येलदरीला, माझी लॅब परभणीत," ती शिवप्रसादला म्हणाली. "मग जमायचं कसं?"

तो खुर्चीतच पुढं सरकला.

"खरं सांगू का? मला बी कळंना झालंय."

निकिता परत आली आणि त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसली.