एकही नंबर सुटलेला नाही

कार्लाने सगळे फोटो एकदम निवडले, नाव बदलायच्या बटणावर बाण नेला आणि क्षणभर थांबली. मग दाबलंच. कॅमेऱ्याने दिलेली आडमुठी नावं पुसली गेली आणि त्यांच्या जागी सालोनेन-लग्न-००१, ००२, ००३ अशी शहाण्या मुलांची रांग उभी राहिली. आकड्यांमध्ये जिथे भगदाड होतं, तिथे आता नखभरही फट दिसत नव्हती.

भगदाड तिनेच पाडलं होतं. लग्नात दोन कॅमेरे होते, एक तिचा, एक तिच्या नवऱ्याचा, रसचा. दोन्ही एकाच कंपनीचे, आणि नेमके त्या दिवशी दोन्हींच्या फोटोंचे आकडे जवळपास सारखेच चालले होते. दोन्ही कार्डांवरचे फोटो तिने एकाच फोल्डरमध्ये ओतले. या नावाचे फोटो आधीच आहेत, जुने काढून नवे ठेवू का, असं कॉम्प्युटरने विचारलं तेव्हा ती फोनवर पुढच्या लग्नाचं ठरवत होती. तिने हो म्हटलं. नवरीच्या आजोबांनी नातीबरोबर केलेल्या पोल्का नाचाचे फोटो गेले आणि त्या जागी रसने काढलेले केकचे फोटो येऊन बसले. ते केकच्या क्रमात हलवले तेव्हा नाचाच्या जागी आकड्यांचं भगदाड उरलं. हे लक्षात येईपर्यंत तिचं कार्ड पुसून दुसऱ्या कामाला वापरूनही झालं होतं. इतकी वर्षं धंदा केलेल्या बाईने अशी माती खावी, याची तिला भयंकर लाज वाटत होती.

"सांगून टाक ना त्यांना," रस म्हणाला.

"काय सांगू? नाचापेक्षा केक महत्त्वाचा वाटला म्हणून?"

"जे झालं ते."

"तू गप बस."

फोटो मिळाल्यावर नवरीचा, केइयाचा, लगेच फोन आला.

"कार्ला, काय झकास फोटो आहेत गं! पण आजोबांचा नाच कुठाय?"

"अगं, सगळ्यांत डोळे मिटलेले आले त्यांचे," कार्ला बोलून गेली. "म्हणून नाही घेतले."

खोटं इतक्या सफाईने निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी स्टुडिओचं दार ढकलून केइयाचे आजोबा, अर्वो सालोनेन, स्वतःच आत आले. अंगात लग्नातलाच तपकिरी सूट, हातात फडक्यात गुंडाळलेला वेलचीचा पाव. बाहेरच्या तळ्यावरच्या वाऱ्याने त्यांचे डोळे पाणावले होते.

"तुझे फोटो मी बिघडवले म्हणे," पाव कार्लाच्या हातात देत ते म्हणाले. "माझी बायको हिल्मा मला म्हणायची, तुझा फोटो म्हणजे झोपलेल्या बैलाचा फोटो."

"अहो, असं काही नाही, मिस्टर सालोनेन. बसा ना. हवं तर आत्ता नवा काढू या. केइयालाही बोलावू."

"नवा कशाला? मला तोच हवाय. डोळे मिटलेला."

कार्लाच्या हातातला पाव तसाच राहिला.

"तो पोल्का लागला की मी आणि हिल्मा उठायचो," आजोबा पावाच्या फडक्याकडे बघत म्हणाले. "ती गेल्यापासून मी नाचलोच नव्हतो. पोरीचा हात हातात आला आणि मी मुद्दाम मिटले गं डोळे. थोडा वेळ हिल्माच होती समोर. केइयाने सांगितलं की ते फोटोत आलंय, तेव्हापासून चैन नाही मला. तुम्हा लोकांना तो वाया गेलेला वाटला असेल. मला चालतो."

आतल्या खोलीत रसची खुडबुड थांबली. कार्लाला त्यांच्याकडे बघवेना. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने पाव मांडीवर ठेवून फोल्डर उघडला. आजोबा चष्मा चढवून पुढे वाकले आणि पडद्यावरच्या आकड्यांवरून बोट खाली खाली नेऊ लागले.

"काय व्यवस्थित काम आहे तुझं," ते म्हणाले. "एकामागोमाग एक. एकही नंबर सुटलेला नाही. मग असेलच की यात कुठेतरी. बघ तू सावकाश, मी बसतो."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खरंच वाट बघत बसले.

कार्लाने पडदा बंद केला. पाव बाजूला ठेवला आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"मिस्टर सालोनेन," ती म्हणाली, "तुमचे डोळे मिटलेले होते, हे मला तुम्ही आत्ता सांगेपर्यंत माहीत नव्हतं."