चार ते साडेचार

टिल्ल्याच्या घशात साडेचारला नळी घालणार होते. नळी घातली की झोपेचं औषध चालू, बोलणं बंद. पुन्हा कधी बोलेल, बोलेल की नाही, ते डॉक्टरही सांगत नव्हते. माझा हा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात, आणि त्या वॉर्डात कुणालाच आत सोडत नाहीत. म्हणून सिस्टर म्हणाली होती, "मावशी, चारला व्हिडिओ कॉल करा, मी टॅब धरते त्यांच्यासमोर."

मला त्याची माफी मागायची होती. आई गेली तेव्हा तो उशिरा पोचला आणि मी भरल्या घरात त्याला म्हणाले, "आता कशाला आलास?" त्याला दोन वर्षं झाली. नंतर बोलायचो आम्ही, पण फक्त कॉम्प्युटरबद्दल. अशा गोष्टी तोंडावर बोलायच्या असतात, फोनवर नाही, असं माझं ठाम मत. माझी सगळीच मतं ठाम असतात.

माझा फोन बटणांचा. कॉम्प्युटर आहे, त्यावर टिल्ल्यानेच विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलेलं, व्हायरसची कटकट नको म्हणून. आणि नेमकी त्याच सकाळी रस्ता खणणाऱ्यांनी इंटरनेटची केबल तोडली. शेजारीण कामावर जाता जाता तिचं नेटचं जुनं डोंगल देऊन गेली, सिमसकट. "नुसतं खोचायचं, आपोआप चालतं," म्हणाली. तिच्याकडे चालत असेल. माझ्या कॉम्प्युटरवर ते खोचलं की सीडी घातल्याचं चित्र यायचं आणि इंटरनेटचा पत्ता नाही. दोन तास मी ते काढत होते, खोचत होते, शिव्या घालत होते.

शेवटी चार वाजता उशीर होईल हे सांगायला वॉर्डात फोन लावला. सिस्टरने तो टिल्ल्यापाशी नेला.

"काय झालं, ताई?" त्याला धाप लागली होती.

"तू बोलू नकोस. डोंगल चालत नाहीये."

"सीडी दिसतेय?"

"तुला कसं कळलं?"

तो हसला आणि हसता हसता खोकला. "सोंग असतं ते. आत विंडोजवाल्यांसाठी प्रोग्रॅम भरलेला असतो. सीडीवर राइट क्लिक कर... इजेक्ट."

सीडी गेली. डोंगलचा दिवा लालचा हिरवा झाला.

"आता नेटवर्कच्या खुणेवर... मोबाइल ब्रॉडबँड... नवीन कनेक्शन."

एकेका शब्दानंतर तो श्वास घ्यायला थांबत होता, आणि मी खेकसत होते, "कुठे आहे? मला नाही दिसत!" पिन शेजारणीने लिहून दिला होता, तो घातला. मग एपीएन मागितलं. ते कसलं आणखी?

"कंपनीच्या दाराचं नाव समज. सिमच्या पाकिटावर असेल."

पाकीट शेजारणीने दिलेल्या पिशवीच्या तळाशी निघालं. नाव घातलं, तर नुसतंच गोल फिरत बसलं.

"रेंज नसेल. लांब वायर लावून खिडकीत ठेव. छान करतेयस, ताई."

"छान कसलं डोंबलाचं!"

वायर शोधायला सगळे ड्रॉवर उपसले. फोन खांद्यात धरलेला, त्यातून त्याचा श्वास ऐकू येत होता.

"ताई," तो म्हणाला, "राहू दे ते. ऐक ना..."

"थांब रे, होतच आलंय."

मागून सिस्टर म्हणाली, डॉक्टर आलेत.

"दोनच मिनिटं! टिल्ल्या, व्हिडिओवर बोलू," मी म्हणाले, आणि फोन मीच बंद केला. वायर लावायला दोन्ही हात मोकळे हवे होते.

नेट लागलं तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती. मी कॉल केला. सिस्टरने उचलला, टॅब फिरवला. चित्र स्वच्छ होतं, कुठे अडकत नव्हतं. नळी, चिकटपट्टी, मिटलेले डोळे.

जवळजवळ अर्धा तास त्याचा आवाज माझ्या कानाशी होता. माझं चुकलं, एवढे दोन शब्द त्यात कुठेही मावले असते. त्यालाही काहीतरी सांगायचं होतं आणि मी त्याला थांबवलं. मला माझीच किळस आली.

"बोला मावशी," सिस्टर हळूच म्हणाली. "ऐकू जातही असेल."

मी पुढे सरकले. दोन वर्षं जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आठवेना.

"लागलं रे," मी म्हणाले. "नेट लागलं."