मंजूच्या नावाचा दोना

पाणी मोजायचं काम मला मिळालं ते माझ्या तोंडाळपणामुळे. चिचगडच्या बाजारात एका संस्थेचे इंद्रकुमार नावाचे साहेब माणसं जमवून सांगत होते, की आधी वर्षभर नाल्याची धार मोजायची, मग बंधाऱ्याचं बघू. मी मधेच म्हटलं, तुम्ही मोजत बसाल तोवर पाणी निघून जाईल. माणसं हसली. दोन-चार दिवसांनी साहेब आमच्या अंगणात उभे, आणि म्हणतात, मग तूच मोज. बाबांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. घे आता, असं ते पाहणं होतं.

काम सोपं होतं. नाल्याच्या काठावर ठरलेल्या अंतरावर दोन खुंट्या ठोकलेल्या. वरच्या खुंटीपाशी काहीतरी तरंगणारं सोडायचं आणि खालच्या खुंटीपर्यंत ते किती वेळात पोचतं ते बघायचं. पाणी जोरात असेल तर लवकर, मंद असेल तर उशिरा. पण दोन खुंट्यांच्या मधे नाला वळण घेतो आणि वळणावर बांबूचं दाट बेट आहे, त्यामुळे वरचा माणूस खालच्याला दिसत नाही. म्हणून धाकट्या बहिणीला, मंजूला, सोबत घेतलं. ती नर्सिंगचा फॉर्म भरून घरी बसली होती आणि बसून बसून आईचं डोकं खात होती.

साहेबांनी दिलेले प्लास्टिकचे चेंडू पोळ्याच्या सुमाराला आलेल्या पुरात गेले. नवे मागितले तर म्हणे, वरून मंजुरी यावी लागते. चेंडूला मंजुरी! मग मी घरातले पळसाच्या पानांचे दोने, म्हणजे द्रोण, घेतले. आई फुरसतीत टाचून ठेवते, थप्पीच्या थप्पी पडलेली असते. कलंडू नये म्हणून आत एक खडा टाकायचा. मी वरून मंजूच्या नावाने लांब हाक मारायची आणि दोना सोडायची. ती खालून ओ द्यायची आणि मोबाईलवर वेळ लावायची. दोना आला की उचलून घ्यायची. दर रविवारी सकाळी असे चार-पाच दोने. इतकं छान बस्तान बसलं होतं की मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटायचं.

दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं. खडक उघडे पडले, काठाचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या. आणि दोना मात्र दर रविवारी आधीपेक्षा लवकर पोचायला लागला. साहेबांनी फोन करून झापलं, की घरी बसून आकडे ठोकता का. मी त्यांना बरंच सुनावलं, मग मोबाईल बदलला, खुंट्यांतलं अंतर दोरीने पुन्हा मोजलं. सगळं बरोबर होतं. धार इतकी मरतुकडी झाली होती की तिच्यात पान जागच्या जागी फिरत राहायचं. पण मी नाव घेऊन दोना सोडला, की तो सरळ निघायचा. कोणीतरी खालून ओढून घेतंय असा.

मग एकदा मी तोंड उघडायच्या आतच खालून ओ आली. मला वाटलं, पोरगी चाळा करते. जाऊन रागावले, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तू हाक मारली ना ताई. दोनदा मारली."

त्यानंतर ती घरातही ओ द्यायला लागली. दुपारी जेवता जेवता घास खाली ठेवायची, मागच्या दाराकडे वळून ओ म्हणायची आणि पुन्हा जेवायची. कोणीच बोलावलेलं नसायचं. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली, धुणं धुतल्यावर होतात तशी. पण धुण्याला तर ती हात लावत नव्हती. शेणाने सारवलेल्या ओसरीवर तिची पावलं ओली उमटायची. चिचगडच्या डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून लाल गोळ्या दिल्या. ती सुकत चालली. आई रडायची, बाबा पुन्हा पुन्हा गोळ्या मोजायचे, आणि मी दोघांवरही खेकसायची, कारण मला भीती वाटत होती आणि कशाची ते सांगता येत नव्हतं.

तरी पुढच्या रविवारी आम्ही गेलोच. मंजूच मागे लागली. घरात कोंदटल्यासारखं होतं, तिथे बरं वाटतं, म्हणाली. त्या दिवशी दोना गेला आणि मी खाली जाऊन बघितलं, तर तिच्या हातातल्या दोन्यात माझा खडा नव्हता. ओले तांदूळ होते. मी ते झटकून टाकले, तिला तिथेच बसवलं आणि दुसरा दोना घेऊन वर आले. हाक मारली, तेवढ्यात मागे पाचोळा वाजला. वरच्या टोल्यातली, म्हणजे वरच्या वस्तीतली, वच्छलाकाकी डोक्यावर पानांचा भारा घेऊन उभी होती.

"कोनाच्या नावानं सोडून राहिली बाई दोना?"

"मंजूच्या," मी म्हटलं.

"कवा गेली मंजू?"

"गेली कायले? खाली बसली हाय ना."

काकीने भारा खाली टाकला. मग तिने मला हाताला धरून खडकावर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. तिच्या टोल्यात माणूस वारलं की याच वळणावर त्याच्या नावाने हाक मारून दोना सोडतात. आत तांदूळ असतात. हाकेचा अर्थ एवढाच, की आता तू जा, वाट मोकळी आहे. त्या वेळी खाली कोणी थांबत नाही आणि तो दोना कोणी अडवत नाही. तिने आमच्या हाका लांबून ऐकल्या होत्या. तिला वाटायचं, पोरी एकमेकींना शोधतात. आणि इथे मी जिवंत बहिणीला नाव घेऊन जा म्हणत होते, ती ओ देत होती, आणि आपला दोना आपल्याच हाताने उचलत होती.

एरवी मी हसले असते. पण ते तांदूळ मी नुकतेच बघितले होते. मी काकीचे पाय धरले आणि उपाय विचारला. ती बराच वेळ नाही नाही म्हणत होती. मग म्हणाली, हाक मारणाऱ्यालाच ती परत घेता येते, पण फुकट नाही. स्वतःचं नाव घेऊन स्वतःच दोना सोडायचा, आणि खाली जाऊन स्वतःच उचलायचा. मग तिच्यावरची हाक आपल्यावर येते.

मंजूला मी त्यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने दोना माझ्या हातातून हिसकावून घेतला असता. ती तशीच आहे. दुसऱ्या दिवशी बाबांसोबत तिला गोळ्या आणायला पाठवलं आणि मी नाल्यावर गेले. काकी खालच्या खुंटीपाशी येऊन बसली होती. टळटळीत दुपार होती, एकही पाखरू बोलत नव्हतं. स्वतःचं नाव मोठ्याने घेताना किती विचित्र वाटतं! पहिली हाक मलाच नीट ऐकू आली नाही. पुन्हा मारली हाक, प्रेरणा, म्हणून. दोना सोडला आणि काठाने धावत सुटले. बांबूचे काटे लागून पाय रक्ताळले.

खाली पोचले तर दोना माझ्या आधीच आलेला होता. पुढे गेला नव्हता. वाहत्या पाण्यात, खुंटीसमोर, हलत नव्हता. मी उतरले आणि तो उचलला. पाणी हाडापर्यंत गार लागलं.

आणि वरून, मी आत्ताच जिथून पळत आले होते तिथून, हाक आली. "ताईऽ." आवाज मंजूचा होता. अगदी तिचाच, शेवटचं अक्षर लांबवणारा. माझं तोंड आपोआप उघडलं. काकीने तळहात माझ्या तोंडावर दाबून धरला.

"ओ नोको देऊ. कवाच नोको देऊ. जिच्या पायी दोना उचलला, तिच्याच आवाजानं बोलावते ते. तोंड दिसत नाही तोवर ओ देजो नोको."

मंजू त्या आठवड्यात सुधारली. पहिल्यांदा तिने भाताला मीठ नाही म्हणून आईशी भांडण केलं, आणि आम्हा सगळ्यांना इतका आनंद झाला की आईने भांडण लांबवलं. बोटं कोरडी झाली. ओसरीवर ओली पावलं उमटेनाशी झाली. आम्ही आता दोन्याऐवजी लाकडाचा तुकडा सोडतो आणि हाकेऐवजी शिट्टी वाजवतो. आकडे ताळ्यावर आले. साहेब फोनवर म्हणाले, "अब सही जा रहा है." बंधारा होईल असं दिसतंय.

हाक मात्र येते. कधी परसातून, कधी विहिरीकडून, कधी भर दुपारी बांधावरून. नाला आटला तरी येते. ताईऽ. मी मान खाली घालून हातातलं काम करत राहते. अजून एकदाही ओ दिलेली नाही. पण खरी कोणती आणि ती कोणती, हे मला ओळखता येत नाही. म्हणून मी कोणत्याच हाकेला ओ देत नाही.

काल मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. स्वयंपाकघरातून हाक आली. मी बसून राहिले. पुन्हा आली, मग पुन्हा, रडवेली. मी तांदळातले खडे काढत राहिले, उठले नाही. थोड्या वेळाने मंजू दारात आली. तिच्या मनगटावर उकळती पेज सांडली होती, कातडी लाल होऊन फुगली होती.

"किती हाका मारून राहिली मी," ती म्हणाली. "तू काऊन ओ नाही देत मले? मी मेल्यावर देशील का?"

मला रडू फुटलं. मी तिचा हात धरून माठापाशी नेला आणि मनगटावर पाणी ओतत राहिले. ती कळवळून शिव्या देत होती. मी तिची बोटं एकेक करून पाहिली. टोकं गुलाबी होती, गरम होती. माझी पांढरी पडलेली बोटं मी पदराखाली घेतली.