अंथरुणात निजणारा टोप

मी स्वयंपाकघरातला एक टोप, पण माझं निम्मं आयुष्य अंथरुणात गेलं. हसू नका. मी आजारी नव्हतो, आळशी तर मुळीच नव्हतो. अंथरुणात मी कामावर असायचो.

लोखंडी पत्र्याचं अंग, वरून फिकट निळं इनॅमल, आतून दुधासारखा पांढरा. थीराच्या लग्नात तिच्या मावशीनं मला आहेरात दिलं. "चौघांचा घेतलाय गं," मावशी म्हणाली, "दोघांचा घेतला असता तर दोघंच राहिला असतात." सगळे हसले. थीरा लाजली आणि मला पोटाशी धरून उभी राहिली. मला माझं माणूस मिळालं ते तिथेच.

घर लिमफ्योर्डच्या खाडीकाठी, थंडीच्या मुलखात. थीराचा नवरा आयनार दूधसंघाची गाडी चालवायचा. अंधारात निघायचा आणि परत कधी येईल ते वारा आणि बर्फ ठरवायचे. दमून आलेल्या माणसाला गार अन्न वाढणं थीराला पापच वाटायचं. तेव्हा सासूबाईंनी तिला त्यांच्या घरची रीत शिकवली.

तांदूळ आणि दूध माझ्यात घालायचं, बूड लागू नये म्हणून ढवळत ढवळत एक उकळी आणायची आणि लगेच उतरवायचं. झाकण घट्ट बसवायचं. जुन्या वर्तमानपत्रांत मला गुंडाळायचं, वरून टॉवेल, आणि थेट पलंगावर पिसांच्या दुलईखाली. पुढचं काम माझं. आतल्या आत, कुणी न ढवळता, दोन तासांत तांदूळ लोण्यासारखा मऊ. ही आमची शनिवारची खीर. साखर आत नाही, चिमूटभर मीठ तेवढं. ताटलीत वाढल्यावर वरून साखर-दालचिनी भुरभुरायची आणि मधोमध लोण्याचा गोळा.

एक गोष्ट मात्र सासूबाईंनी बजावून सांगितली होती. "काठोकाठ भर हो. अर्धा भरलास तर तांदूळ शिजायच्या आधी तोच गारठेल." खरंच आहे ते. ऊब धरून ठेवायला मला पोटभर लागतं.

आमच्याकडे नवराबायकोचा पलंग एक असला तरी दुलया दोन असतात. थीरा मला आयनारच्या दुलईत निजवायची. तो आला की मला बाहेर काढायचा आणि बूट काढून त्या उबेत पाय घालून बसायचा.

"तुझ्या टोपानं माझी जागा बळकावली, म्हातारे."

"मग उशिरा येतोस कशाला? रिकामी जागा कोण ठेवतं?"

दोघं तेव्हा जेमतेम तिशीत होती. तरी तो तिला म्हातारे म्हणायचा.

थीराला एक खोड होती. काहीही नवं हाती आलं की ती माझ्याकडे बघून म्हणायची, "बघू या, हे अंथरुणात होतं का." पिवळे वाटाणे झाले, छान झाले. जवाची पेज झाली. बागेतली पडकी सफरचंदं झाली, आणि दुलईला आठवडाभर त्यांचा वास राहिला. रुबार्बची आंबट देठं दुधात घातली तेव्हा सगळं फाटलं. कोंबडी मात्र पुन्हा कधी घातली नाही. त्या दिवशीच्या पोटदुखीवर आयनार पुढची कित्येक वर्षं बोलत होता. उरलेल्या खिरीत अंडं आणि लिंबाची साल घालून लोण्यावर छोटे गोड पोळे होतात, आणि तीच खीर कणकेत मळली तर पाव तीन दिवस मऊ राहतात, हे तिचं तिनंच शोधून काढलं. आपली मुलगी मारेन हिला ती म्हणायची, "देवानं अन्न दिलं, पण त्यात काय काय दडवलंय ते शोधायचं काम आपल्यावर सोडलं."

मारेन मोठी झाली, नोकरी धरून दूरच्या शहरात गेली. मग आयनार आजारी पडला.

तो इस्पितळात होता तेव्हा एका शनिवारी थीरानं मला चुलीवर चढवलं आणि डोळे मिटून हात जोडले. "तो घरी येऊ दे," ती म्हणाली, "मग दर शनिवारी हा टोप भरून शिजवीन आणि बाहेरच्या एका माणसाला जेवू घालीन." देवाशी असं देणंघेणं ठरवणं आमच्या चर्चमध्ये बसत नाही. म्हणून पाद्रीबाईंना ती काही बोलली नाही. मला मात्र सगळं ऐकू आलं.

आयनार घरी आला. खिडकीशी बसून त्यानं सगळा हिवाळा पाहिला. बीच जातीच्या झाडांना पालवी फुटली आणि तो गेला.

"देवानं त्याचा शब्द पाळला," थीरा मला घासताना म्हणाली. "किती दिवसांसाठी ते मीच मागितलं नव्हतं. आता माझा शब्द."

पण शब्द पाळायला माणूस लागतो. तो आणायचा कुठून? आमच्या गावात न बोलावता कुणी कुणाकडे जात नाही. आणि बोलवायला थीरा फोन उचलायची, परत ठेवायची. आयनार होता तोवर दोघांना जेवायची बोलावणी यायची. तो गेल्यावर ती हळूहळू थांबली. कुणी वाईट नव्हतं. जोडप्यांच्या टेबलावर एकटी बाई म्हणजे जोडी हरवलेला पायमोजा. कुठे ठेवावा कुणालाच सुचत नाही.

तरी दर शनिवारी ती मला काठोकाठ भरायची. आयनारच्या दुलईत निजवायची, कडा नीट खोचायची, वरून थोपटायची. "नीज आता," म्हणायची. टेबलावर दोन ताटल्या मांडायची. एकीत तिची तिला वाढायची आणि दुसरी पालथीच ठेवून रस्त्याकडे बघत बसायची. मग उरलेल्या खिरीचे पोळे, पाव, पुन्हा पोळे. सगळा आठवडा एकच टोप निरनिराळे कपडे घालून तिच्यासमोर यायचा.

असे तीन हिवाळे गेले. एका शनिवारी तिनं मला अर्धंच भरलं. "कोण आहे खायला," म्हणाली. मी माझ्याकडून शर्थ केली, पण आतली ऊब टिकली नाही. तांदूळ कच्चा राहिला. पलंगाच्या काठावर बसून तिनं तो कच्चा तांदूळ चावून चावून खाल्ला, आणि माझ्या झाकणावर पाणी पडलं ते वाफेचं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तिनं मला पुन्हा काठोकाठ भरलं आणि दुलईत निजवलं. घरातलं दूध सगळं माझ्यात संपलं म्हणून आणखी आणायला दुकानात गेली, तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. धावत पावलं आली. माझ्यावरची दुलई एका झटक्यात उडाली आणि समोर मारेन! चेहरा पांढराफटक. तिनं वर्तमानपत्रं फाडली आणि माझ्याकडे बघितलं. मग तिनं खिडकी उघडली आणि गार हवेत उभी राहिली.

थीरा दूध घेऊन आली.

"अगं, तू? कळवलंही नाहीस!"

"आई, बाबांच्या पलंगात कोण असतं?"

"टोप."

"टोप?"

"मग तुला काय वाटलं, पोस्टमन?"

मारेनला हसू फुटलं, मग रडू. शेजारच्या वाग्नकाकांचा फोन आला होता. तुझी आई रोज नाही, पण शनिवारी बाबांच्या दुलईत कुणालातरी निजवते, थोपटते, त्याच्याशी बोलते, काहीतरी बिनसलंय, तू ये. "येताना वाटेत मी काय काय मनात आणलं, तुला सांगता येणार नाही."

"तो वाग्न मुलखाचा चोंबडा."

"चोंबडा नव्हे, आई. त्यांना काळजी वाटली. मलाही वाटते." मारेननं गाडीतून एक खोकं आणलं. त्यात विजेवरचा छोटासा कुकर होता. "एका माणसापुरता. बटण दाबायचं, विसरायचं. आणि माझ्या घराजवळ दोन खोल्या रिकाम्या होतायत. छान ऊन येतं. इथलं आवरून टाकू."

"आणि हा?"

"चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊ. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"एका माणसाच्या भांड्यातून दुसऱ्याला वाढता येत नाही, मारेन."

"दुसरा आहेच कोण, आई?"

मारेनला ते तसं म्हणायचं नव्हतं. पण एकदा बोललं ते बोललं. थीरानं फाटलेली वर्तमानपत्रं पुन्हा माझ्याभोवती लपेटली आणि वरून दुलई ओढली.

मग थीरानं काढलेला कोट परत चढवला आणि ती बाहेर गेली. खिडकी उघडी होती, कुंपण समोरच. वाग्न पलीकडे पानं गोळा करत होता. पूर्वी तो फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा. लग्न केलं नाही. बोलायचा तो बहुतेक वाऱ्याशी.

"वाग्न! माझ्या पलंगातल्या माणसाबद्दल तुम्ही माझ्या मुलीला कळवलंत म्हणे."

झाडणं थांबलं. "म्हणजे… खिडकी समोरच येते. पडदा लावत जा."

"दिसायला कसा आहे? नीट पाहिलात ना?"

"बुटका वाटला," वाग्न प्रामाणिकपणे म्हणाला.

"चला मग, ओळख करून देते. अंगानं निळा आहे. तासाभरात जेवायला बसू."

"माझं जेवण झालंय."

"काय जेवलात?"

"पाव."

"पावावर काय?"

वाग्ननं बराच वेळ विचार केला. "पावच," तो म्हणाला.

तासाभरानं दाराची घंटा वाजली. दार उघडंच होतं, तरी त्यानं वाजवली. केसांना पाणी लावून भांग पाडलेला, शर्ट बदललेला. मला टेबलावर मध्ये ठेवलं होतं. थीरानं पालथी ताटली सुलटी केली. वाग्ननं पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला, मान हलवली.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

मारेननं डोळे मोठे केले. पण थीरा उठली, आणि मिठाचं भांडं आणायला जाताना तिचा चेहरा मी बघितला. तीन हिवाळे त्या घरात कुणी म्हटलं नव्हतं की मीठ कमी आहे.

वाग्ननं तीन ताटल्या खाल्ल्या. एका बाईचा नवस त्यानं फेडून घेतला, हे त्याला आजही माहीत नाही. मारेन दुसऱ्या दिवशी परत गेली. तो छोटा कुकर तिनं स्वतःच उचलून गाडीत ठेवला. "मलाच होईल," म्हणाली. "मी तरी कुणाला वाढतेय?" थीरानं तिला घट्ट धरलं आणि पुढच्या शनिवारचं बोलावणं दिलं.

तेव्हापासून सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. वाग्नचे गुडघे दुखतात, कधी तो रुसतो, आणि मग टेबलावर पुन्हा एकच चमचा वाजतो. आयनारची बाजू रिकामीच आहे. मी ती भरत नाही, नुसती उबदार ठेवतो. माझं बूड आता काळवंडलंय, काठाचं इनॅमल उडालंय. लवकरच कुणीतरी मला अडगळीत टाकेल. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे: शेजारच्या खिडकीत काही वेगळं दिसलं तर लांबच्या माणसाला फोन करण्याआधी कुंपणाशी जाऊन हाक मारा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा मोठा टोप असेल तर त्याला अर्धा भरू नका. खायला कोण येईल, ते शिजायला ठेवल्यावर बघू.

हल्ली थीराला मी भरलेला फार लांब नेववत नाही. मग एक कान ती धरते, एक वाग्न. "तुमच्या बाजूनं सांडतंय." "सांडत नाही, तुम्ही पुढे पळताय." असे आम्ही स्वयंपाकघरातून निघतो. शयनघराच्या उंबऱ्याशी वाग्न थांबतो; आत येत नाही. पुढची पावलं थीरा एकटीच, श्वास रोखून, मला पोटाशी धरून टाकते. दुलई ओढते, कडा खोचते, आणि बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणते, "दोन तास लागतील हो."

बाहेरून उत्तर येतं, "मी थांबतो."